एका मिलिसेकंदाचा वारा

कुर्ला म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते स्टेशन, हार्बरच्या फलाटाकडे धावणारी माणसं, पश्चिमेचा भंगार बाजार. महसुलाच्या कागदांतला कुर्ला याहून बराच मोठा आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचे तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड हे सगळं कुर्ला तालुक्यात मोडतं, आणि पवईही. पवईला लागून असलेल्या मौजाचं नाव तिरंदाज. ‘मौजे तिरंदाज, तालुका कुर्ला’ असं तिथल्या खरेदीखतांवर आजही लिहिलेलं असतं. हे नाव कुणी आणि का ठेवलं ते सोडून देऊ, पण बाण सोडणाऱ्याच्या नावाच्या या गावाशेजारी १९५८ साली आयआयटी उभी राहिली आणि तिथल्या एका प्रयोगशाळेत ध्वनीच्या आठपट वेगाचा वारा वाहतो, हा योग मला फार आवडतो. वाहतो म्हणजे किती वेळ? जेमतेम एक मिलिसेकंद. सेकंदाचा हजारावा भाग.

ज्या लेखनाचं रसग्रहण मला इथे करायचं आहे, ते या वाऱ्याविषयी आहे. ‘रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स’ या नियतकालिकात २०१० साली आयआयटीच्या विमानशास्त्र विभागातले वीरेन मेनेझिस आणि संदीप भट यांचा एक छोटा निबंध छापून आला. शीर्षक अगदी साधं: शॉक टनेलसाठी समाक्ष थर्मोकपल. समाक्ष म्हणजे एकाच आसाभोवती, एकात एक बसवलेलं. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या जोडापासून बनलेला तापमापक. दोन जोडांच्या तापमानांत फरक असला की तारांच्या टोकांशी किंचित विद्युतदाब उभा राहतो, या परिणामाचा शोध भौतिकशास्त्रज्ञ झेबेकने १८२१ च्या सुमारास लावला होता. म्हणजे तत्त्व दोनशे वर्षं जुनं, कारखान्यांतल्या भट्ट्यांत रोज वापरलं जाणारं. त्यात नवं काय, असा प्रश्न शीर्षक वाचताच पडतो. या निबंधाची सगळी गोडी त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आधी वारा कसा तयार होतो ते पाहू, कारण सेन्सरचं कौतुक त्याशिवाय कळायचं नाही. शॉक टनेल म्हणजे मुळात एक लांब नळी. तिचे दोन भाग, आणि मधे धातूच्या पत्र्याचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला हेलियमसारखा हलका वायू दाबाने भरत न्यायचा, दुसऱ्या बाजूला कमी दाबाची हवा. दाब पुरेसा चढला की पडदा फाटतो, आणि त्या फाटण्यातून आघाताची एक लाट हवेतून पुढे धावते. लाट नळीच्या टोकावर आदळून परतते. तिच्यामागे हवेचा एक लहानसा साठा क्षणभर कोंडला जातो, तापलेला, दाबलेला. त्या साठ्याला वाट एकच: पुढचं नॉझल. आधी अरुंद आणि मग पसरत जाणाऱ्या त्या तोंडातून हवा निर्वात केलेल्या टाकीकडे झेपावते. वाटेत प्रतिकृती उभी असते. तिच्यावरून हवा जाते आणि खेळ संपतो. पुढच्या वेळी नवा पडदा लावायचा, टाकी पुन्हा निर्वात करायची, वायू पुन्हा भरायचा. एका मिलिसेकंदासाठी ही सगळी मांडामांड. लग्नघरातली धावपळ आणि अक्षता पडायचा क्षण यांचं प्रमाणही इतकं विषम नसतं.

निबंधातली प्रतिकृती म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचा अर्धगोल. अर्धा कापलेला आवळा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या पृष्ठभागात ३.२५ मिलिमीटर व्यासाचा, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक तोंडाचा सेन्सर बसवलेला, पृष्ठाशी अगदी समतळ. वर किंचितही उचललेला नाही, आत खचलेला नाही. तो जरा वर आला तर हवेला ठेच लागणार, आणि मग आपण मोजू ती त्या ठेचेची उष्णता, अर्धगोलाची नव्हे.

माझे बाबा कुर्ल्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर होते. एखादा भाग दुसऱ्यात फ्लश बसलाय की नाही हे ते डोळ्यांनी बघत नसत. अंगठ्याचं नख त्या सांध्यावरून ओढत. नख अडलं नाही तर जॉब पास. हा निबंध वाचताना त्या समतळ बसवण्याच्या वाक्यापाशी मी थांबलो. इंग्रजीत ते दोन-तीन शब्दांत उरकलं आहे. शास्त्रीय लेखनाची ही रीतच असते, हाताला सगळ्यात जास्त वेळ लागलेली गोष्ट कमीत कमी शब्दांत येते. ज्याने कधी लेथवर काम केलं आहे किंवा करणाऱ्याच्या घरात वाढला आहे, त्याला त्या दोन-तीन शब्दांत किती संध्याकाळी गेल्या असतील ते ऐकू येतं.

आता सेन्सरची घडण. बाहेर एका मिश्रधातूची नळी, आत दुसऱ्या मिश्रधातूची तार, आणि दोघांच्या मधे विद्युतरोधकाचा पातळ थर. एक धातू क्रोमेल, म्हणजे मुख्यतः निकेल आणि थोडं क्रोमियम. दुसरा कॉन्स्टंटन, म्हणजे तांबं आणि निकेल. ही जोडी मुद्दाम निवडलेली आहे. प्रमाणित थर्मोकपलच्या प्रकारांत हिचा आवाज सगळ्यात मोठा, अंशाला साधारण साठ मायक्रोव्होल्ट. पण नळी आणि तार यांच्यात रोधक असेल तर जोड कुठे आहे? आणि जोड नसेल तर थर्मोकपल कसलं?

इथे या जातीच्या सेन्सरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट येते. तोंडाशी पृष्ठभागावर एमरी पेपर घासतात. घासण्याने धातूचे अतिसूक्ष्म धागे रोधकाच्या थरावरून पलीकडे ओढले जातात आणि दोन धातू एकमेकांना भिडतात. तो ओरखडा म्हणजेच जोड. थर्मोकपलचा नेहमीचा जोड वितळवून केलेला, मण्यासारखा गोल असतो. त्या मण्याला स्वतः तापायलाच वेळ लागतो. ओरखड्याला शरीरच जवळजवळ नाही. त्यामुळे तो पृष्ठभागाबरोबर तापतो, पृष्ठभागाबरोबर निवतो. निबंधात दिलेला प्रतिसादाचा काळ पाच मायक्रोसेकंदांच्या आसपास आहे.

पाच मायक्रोसेकंद हा आकडा वाचून मनात काहीच उमटत नाही. म्हणून मी एक ढोबळ हिशोब केला. नॉझलच्या तोंडाशी कोंडलेली हवा १५०० केल्विन तापलेली आहे असं धरलं, तर मॅक ८ पर्यंत, म्हणजे ध्वनीच्या आठपट वेगापर्यंत, पसरताना ती जवळजवळ १०९ केल्विनपर्यंत थंड होते, म्हणजे शून्याखाली १६४ अंश सेल्सियस. त्या गारठ्यात ध्वनीचा वेगही घटतो, आणि त्याच्या आठपट म्हणजे सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर. मग एक मिलिसेकंदात या वाऱ्याची एकूण लांबी किती भरली? १.७ मीटर. पुरुषभर उंचीचा वारा. तेवढाच येतो आणि संपतो. आणि पाच मायक्रोसेकंदांत तो सरकतो आठ-साडेआठ मिलिमीटर. वारा आवळ्याच्या एक तृतीयांश अंतरावरून गेला नाही तोच सेन्सर जागा झालेला असतो. एका मिलिसेकंदात असे दोनशे जाग येण्याचे क्षण मावतात. दोनशे म्हणजे नुसती नोंद नव्हे. त्यात वारा कधी आला, कधी स्थिरावला, कधी ओसरू लागला हे सगळं वाचता येतं. निबंधाच्या लेखकांनी मोजमापाला ‘तापमानाचा काळानुसार इतिहास’ अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. शास्त्रातला तो रुळलेला शब्द, पण इथे तो फार शोभतो. एका मिलिसेकंदाला इतिहास असतो, तो लिहिणारा पुरेसा चपळ असला तर.

निबंध दुसऱ्यांदा वाचताना माझं लक्ष एका गोष्टीने वेधलं. हा प्रवाह फार कमी तापमानाचा आणि फार विरळ आहे, असं लेखक आवर्जून सांगतात. इतर कुणी मॅक ८ या आकड्यावर थांबला असता. तो आकडा भव्य आहे, वृत्तपत्राच्या मथळ्याला पुरेल असा आहे. पण बोगद्यातला मॅक ८ आणि आकाशातला मॅक ८ एकच नव्हे. तीस किलोमीटर उंचीवर मॅक ८ म्हणजे सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर. बोगद्यात हवाच इतकी थंड केलेली असते की कमी वेगातही तो गुणांक साधतो. हवेच्या लाटांची मांडणी, दाबांची प्रमाणं यांच्यासाठी हे चालतं, उष्णतेचा पूर्ण कहर मात्र तिथे येत नाही. लेखकांनी हे झाकलेलं नाही. उलट त्यातूनच आपल्या सेन्सरची कसोटी उभी केली आहे. वारा जितका विरळ आणि थंड, तितकी त्याची खूण पुसट. काही अंशांची वाढ, तीही क्षणात. दोन-तीन अंश धरले तर हातात येतो सव्वाशे ते पावणेदोनशे मायक्रोव्होल्टांचा इशारा, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलच्या दाबाचा दहा हजारावा हिस्सा. मोठा आवाज कुणालाही ऐकू येतो. इथे पावलांची चाहूल ऐकायची आहे, आणि सेन्सर ती ऐकतो. ही कसोटी लेखकांनी मथळ्याच्या आकड्याहून मोठी मानली, इथे मला त्यांच्या लेखनाची नीतिमत्ता दिसते.

मिळालेल्या तापमानावरून पृष्ठभागात किती उष्णता शिरली हे काढायचं गणित वेगळं आहे. कुक आणि फेल्डरमन यांनी १९६६ मध्ये दिलेली रीत या क्षेत्रात सर्रास वापरली जाते. तिच्या बुडाशी एक गृहीतक आहे, ज्याला कवीने हेवा करावा. सेन्सरचा धातू ‘अर्ध-अनंत’ मानायचा. पृष्ठभागापाशी त्याला सुरुवात आहे, खाली मात्र शेवट नाही. हातातला तुकडा तर बोटाच्या पेराएवढाही नसेल! पण एका मिलिसेकंदात उष्णता धातूत अर्धा मिलिमीटरसुद्धा नीट उतरत नाही. तुकड्याला दुसरं टोक आहे हे तिला कळायच्या आत प्रयोग संपतो. म्हणून तिच्यापुरता तो तुकडा अनंतच. कालावधी पुरेसा लहान असेल तर सान्त वस्तूही अनंत होते. हे गणितात इतकं रोखठोक, इतकं उपयोगी येतं, याने मी अजूनही चकित होतो.

सारांशाच्या अखेरीस लेखक आपल्या सेन्सरला चार विशेषणं लावतात. अचूक, दणकट, पुन्हा तसाच बनवता येणारा, आणि अतिशय स्वस्त. या चौघांचा क्रम मी बराच वेळ बघत बसलो.

अचूक हे अपेक्षित. दणकट याला संदर्भ आहे. शॉक टनेलच्या वाऱ्याबरोबर फाटलेल्या पडद्याचे बारीक कण येतात आणि प्रतिकृतीवर वाळूसारखे आपटतात. काचेवर किंवा सिरॅमिकवर प्लॅटिनमचा पातळ थर देऊन केलेले फिल्म गेज फार संवेदनशील असतात, आपल्याकडे ते उत्तम बनवले आणि वापरलेही गेले आहेत. पण कणांचा मारा बसला की तो थर खरवडला जातो. समाक्ष थर्मोकपलला तसं भय कमी. त्याचा जोडच मुळी ओरखड्यातून जन्मलेला. कण आपटून पृष्ठभाग घासला गेला तर धातूचे नवे धागे तयार होतात. घाव बसतो तिथेच जोड पुन्हा जुळतो. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, धातूचं वागणं तसं आहे.

स्वस्त हे विशेषण सगळ्यात शेवटी येतं आणि त्याला ‘अतिशय’ची जोड आहे. एरवी हातचं राखून बोलणाऱ्या लेखकांनी इथे तेवढा एक शब्द मोकळेपणाने वापरला आहे. त्यातून त्यांचा आनंद ऐकू येतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, तेव्हापासून आपल्याकडच्या अवकाश आणि संरक्षण क्षेत्रातल्या माणसांना एक गोष्ट पाठ आहे: जे विकत घेतो ते कुणीतरी थांबवू शकतो. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या नियंत्रण गटात भारताला प्रवेश मिळाला तोच मुळी जून २०१६ मध्ये. हा निबंध त्याच्या सहा वर्षं आधीचा. अशा काळात आपल्याच कार्यशाळेत, थोड्या पैशांत हा सेन्सर होतो, हे वाक्य नुसतं किफायतीचं उरत नाही. मात्र लेखक राजकारणाचा एक शब्दही काढत नाहीत. तो अर्थ विशेषणाच्या मागे उभा आहे. काव्यशास्त्रात याला आपण ध्वनी म्हणतो.

पण माझ्या दृष्टीने या निबंधाचं काळीज तिसऱ्या विशेषणात आहे. पुन्हा तसाच बनवता येणारा. बाबा म्हणायचे, पहिला जॉब कुणालाही जमतो रे, दुसरा पहिल्यासारखा निघतो का ते सांग. कुर्ल्याने हे पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. इथे प्रीमियरच्या गाड्या बनल्या. इथे कमानी ट्यूब्जमध्ये तांब्याच्या आणि त्याच्या मिश्रधातूंच्या नळ्या ओढल्या गेल्या, आणि तो कारखाना बंद पडल्यावर १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कामगारांनी स्वतः चालवायला घेतला. नळीत तार, तारेभोवती रोधक, अचूक मापात, दर वेळी सारखं: ही या मातीची जुनी विद्या आहे. पवईच्या त्या कॉन्स्टंटनमध्येही अर्ध्याहून अधिक तांबंच. आयआयटीचा आणि कुर्ल्याच्या कारखान्यांचा कागदोपत्री संबंध मी जोडत नाही. दोन्हींकडे हाताला एकच गोष्ट यावी लागते, एवढंच म्हणतो.

या निबंधानंतरच्या वर्षांत देशात खूप काही घडलं. २३ मे २०१६ ला इस्रोचं पंखवालं यान ध्वनीच्या पाचपट वेगाने वातावरणात परतलं. ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या किनाऱ्यावरून डीआरडीओने स्क्रॅमजेट इंजिनावर, म्हणजे ध्वनीहून वेगवान हवेतच इंधन जाळणाऱ्या इंजिनावर, चालणारं यान वीसहून अधिक सेकंद उडवलं. त्याच डिसेंबरात हैदराबादला मोठा हायपरसॉनिक वाऱ्याचा बोगदा सुरू झाला. २५ एप्रिल २०२५ ला हैदराबादलाच स्क्रॅमजेटचं ज्वलन जमिनीवर हजार सेकंदांहून अधिक काळ टिकलं. मिलिसेकंदापासून हजार सेकंदांपर्यंत. या बातम्या मी अभिमानाने वाचतो, आणि प्रत्येक वेळी मनात येतं की त्या धगीत, कुठल्या तरी भिंतीत समतळ बसून, कुणीतरी तापमान लिहून घेत असणार. त्याचं नाव बातमीत येत नाही.

सेमीकंडक्टरची गोष्टही मला त्या तिसऱ्या, पुन्हा तसाच बनवता येण्याच्या विशेषणापाशी येऊन भिडते. सेन्सरने दिलेला तो पावणेदोनशे मायक्रोव्होल्टांचा इशारा वाढवायला, मोजायला चिप लागते, आणि चिपसुद्धा तंतोतंत एकसारख्या निघत नाहीत. पवईच्याच आवारात २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीबरोबर १८० नॅनोमीटरच्या तंत्रात एक स्मृती विकसित केली, आणि २०२१ मध्ये ती उत्पादनासाठी स्वीकारली गेली. आठ बिटांची, एकदाच लिहिता येणारी. आजच्या फोनच्या स्मृतीपुढे ही अगदीच चिमुकली वाटेल. पण तिचं एक काम बघा. सेन्सरची किंवा त्याच्या जोडीच्या सर्किटची प्रत्येक चिप कणभर वेगळी निघते. ती कसोटीवर लावायची, चूक किती ते मोजायचं, आणि दुरुस्तीचा आकडा तिच्याच अंगावर कायमचा लिहून ठेवायचा. आठ बिट म्हणजे दुरुस्तीच्या २५६ पायऱ्या. पवईच्या थर्मोकपलचंही वापरण्याआधी अंशमापन करावं लागलं होतं. तिथे आकडा वहीत लिहिला गेला असेल, इथे तो सिलिकॉनमध्ये लिहिला जातो. आपली चूक किती आहे हे प्रत्येक वस्तूला ठाऊक असावं, हीच दोन्हींची मागणी.

मोहालीच्या त्याच प्रयोगशाळेचा मोठा भाग फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत जळाला होता. देश किती वर्षं मागे पडला याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. पण २०१९ मध्ये आयआयटी मुंबईचा ‘अजित’ हा मायक्रोप्रोसेसर तिथेच बनला, आणि २०२५ मध्ये अवकाशयानांसाठीचा ‘विक्रम’ मालिकेतला ३२ बिटांचा प्रोसेसर तिथूनच इस्रोच्या हाती आला. जगात याहून कितीतरी सूक्ष्म चिप बनतात, हे खरं. तरी १८० नॅनोमीटरची ती दणकट, ओळखीची, पुन्हा तशीच काढता येणारी चिप रॉकेटबरोबर जाते, तेव्हा मला मेनेझिस आणि भट यांची चार विशेषणं आठवतात.

निबंधाबद्दल एक तक्रार आहे, ती प्रेमापोटीच. त्यात फसलेले सेन्सर नाहीत. रोधकाचा थर जाड झाल्याने न जुळलेला जोड, तार मधोमध न बसल्याने बाद झालेली नळी, एका बाजूने जास्त घासल्यामुळे बिघडलेलं तोंड, हे कुठेतरी घडलं असणारच. नियतकालिकाच्या मोजक्या पानांत त्याला जागा नसते. पण पुन्हा तसाच बनवता येतो हे म्हणण्याचा अधिकार त्या बाद झालेल्या तुकड्यांनीच दिलेला असतो. त्यांची एक डबी प्रयोगशाळेच्या कपाटात असेल अशी माझी कल्पना आहे. बाबांचीही होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. ते गेल्यावर मी ती भंगारात दिली नाही.

पडदा फाटण्याचा आवाज विरला, टाकीत हवा भरली, दार उघडलं की अर्धगोल बाहेर काढायचा. तोंडाशी काळपट डाग, कणांनी केलेल्या खुणा. मल्टीमीटरच्या दोन सुया लावायच्या. जोड जिवंत असेल तर ठीक. नसेल तर एमरीचा तुकडा घ्यायचा, हलक्या हाताने एकदा फिरवायचा, आणि सुया पुन्हा लावून बघायच्या.